उघडी बाटली, उघडा रस्ता

दारूच्या बाटलीचे बूच ही तशी क्षुल्लक वस्तू. पण अमेरिकेतील बहुतेक राज्यांत निर्वेध प्रवास आणि गुन्हा यांच्यामधली सीमारेषा या बुचावरून जाते. मोटारीच्या मागच्या आसनावर व्हिस्कीची सीलबंद बाटली ठेवून तुम्ही शेकडो मैल जा, कुणी विचारणार नाही. त्याच बाटलीचे सील तोडा, एक घोटही न घेता बूच पुन्हा घट्ट लावा आणि बाटली होती तिथेच ठेवा, गुन्हा घडला. चालक शुद्धीत, प्रवासी शुद्धीत, बाटली काठोकाठ भरलेली. तरीही गुन्हा.

कोकणातील एका तालुका न्यायालयात मी तीस वर्षे वकिली केली. दारूबंदी कायद्याखालचे खटले हा तिथल्या नवशिक्या वकिलाचा पहिला शिधा असतो आणि माझाही होता. त्यामुळे बाटली, कॅन, फुगे, लाखेचे सील आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल यांच्याशी माझा परिचय जुना. पण अमेरिकेतला हा कायदा मी वाचायला घेतला तो निवृत्तीनंतर, न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीच्या एका साध्या प्रश्नामुळे. मित्रांकडच्या जेवणात अर्धी उरलेली वाइनची बाटली परत आणायची होती. ‘बाबा, ही गाडीत नेमकी कुठे ठेवायची?’ असे तिने फोनवर विचारले. आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथे का पडतो, याचा शोध घेताना मी बराच लांब गेलो. त्या वाटचालीत हाती आलेले इथे मांडतो आहे.

मांडणीच्या सोयीसाठी एक सूत्र आधीच सांगून ठेवतो. दारू आणि सार्वजनिक जागा यांचा प्रश्न आला की कायद्याला कशाकडे तरी बोट दाखवावे लागते. अमेरिकेचा कायदा बाटलीकडे बोट दाखवतो. भारताचा मोटार वाहन कायदा रक्ताकडे दाखवतो. आणि महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा माणसाच्या खिशातल्या परवान्याकडे. तिघांचा हेतू वरवर पाहता एकच आहे. पण बोट कुठे रोखले यावर कोण पकडला जातो आणि कोण सुटतो, हे ठरते.

रस्त्याचा पैसा

अमेरिकेत दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. १९१९ साली घटनेत घातलेली देशव्यापी दारूबंदी १९३३ च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने उठली आणि त्याच दुरुस्तीने दारूचे नियमन राज्यांच्या हाती सोपवले. मग वॉशिंग्टनमधल्या संसदेला एखादा नियम सगळ्या राज्यांवर लादायचा असेल तर काय करायचे? तिने रस्त्यांच्या पैशाची वाट धरली. केंद्राचा महामार्ग निधी प्रत्येक राज्याला हवा असतो. १९८४ साली दारू खरेदीचे किमान वय २१ करून घेताना संसदेने हीच युक्ती वापरली. वय न वाढवणाऱ्या राज्याचा काही निधी रोखला जाणार होता. साउथ डकोटा राज्य न्यायालयात गेले आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. पैसे देणाऱ्याने अट घालणे म्हणजे सक्ती नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

उघड्या बाटलीचा कायदा याच वाटेने आला. १९९८ च्या महामार्गविषयक कायद्यात एक कलम घालण्यात आले. सार्वजनिक रस्त्यावरच्या मोटारीत, माणसे बसतात त्या भागात, दारूचे उघडे पात्र बाळगणे आणि दारू पिणे या दोन्ही गोष्टींना राज्याने बंदी करावी, अशी त्यात अट होती. अट न पाळणाऱ्या राज्याच्या महामार्ग निधीतला ठरावीक हिस्सा, आरंभी दीड टक्का, मग तीन टक्के आणि २०१२ नंतर अडीच टक्के, मद्यधुंद वाहनचालकांविरुद्धच्या कार्यक्रमांकडे आणि रस्ता-सुरक्षेच्या कामांकडे वळवला जातो. म्हणजे पैसे बुडत नाहीत, फक्त डांबर टाकायला हाती राहत नाहीत.

या कलमाची व्याख्या वकिलाने वाचावी अशी नेटकी आहे. ‘उघडे पात्र’ म्हणजे ज्याचे झाकण उघडे आहे, किंवा ज्याचे सील तुटले आहे, किंवा ज्यातला काही भाग काढलेला आहे असे कोणतेही पात्र. आत थेंबभर दारू असली तरी पुरे. बंदी फक्त चालकाला नाही, गाडीतल्या प्रत्येकाला आहे. गाडी रस्त्याच्या कडेला उभी असली तरी आहे. आणि पोलिसाला गाडी थांबवायला दुसरे कारण लागता कामा नये, हा गुन्हा स्वतःच पुरेसे कारण असला पाहिजे, असेही केंद्राच्या कसोटीत आहे. अपवाद मोजके आहेत. डिकीत बाटली चालते. कुलूपबंद पुढच्या खणात चालते. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत शेवटच्या आसनामागे चालते. भाड्याच्या बसमध्ये किंवा लिमोझिनमध्ये प्रवाशांना सूट देता येते, आणि फिरत्या घरासारख्या वाहनाच्या राहण्याच्या भागालाही. मुलीला मी सांगितले, ‘डिकीत ठेव.’ कायद्याचे निम्मे सार त्या दोन शब्दांत आहे.

एवढा निधी पणाला लागूनही सगळी राज्ये वळली नाहीत. सुमारे चाळीस राज्यांचे कायदे केंद्राच्या कसोटीला उतरतात, उरलेल्यांत कुठे चालकापुरती बंदी, कुठे अर्धवट सवलत. मिसिसिपी राज्यात तर राज्यभर लागू होईल असा कायदाच नाही. काही गावांनी आपापले नियम केले आहेत, इतकेच. रक्तातले प्रमाण मर्यादेच्या आत आहे तोवर चालकाच्या हातातल्या बिअरच्या कॅनला राज्याची हरकत नाही. शेजारच्या लुइझियानाची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे गाडीतून न उतरता खिडकीतून गोठवलेले, बर्फाळ मद्य विकत घेता येते. कायद्याने त्या पेल्याला ‘उघडे पात्र’ म्हणायचे केव्हा? झाकण काढले तर, आतले थोडे संपवले तर, किंवा झाकणातून नळी बाहेर आलेली असली तर. म्हणून दुकानदार पेला झाकण लावून देतो आणि नळी वेगळी देतो. आपल्याकडची सीमारेषा बुचावर असेल तर तिथली नळीच्या भोकावर आहे!

हसू आले तरी या काटेकोरपणाचा फायदा लक्षात घेण्यासारखा आहे. चालक किती प्यायला, हे सिद्ध करायला यंत्र लागते, डॉक्टर लागतो, वेळ लागतो. बाटली उघडी आहे की नाही, हे डोळ्यांना दिसते. अपघात होण्यापूर्वी, रक्तात दारू चढण्यापूर्वी कायदा हस्तक्षेप करू शकतो. शिवाय ‘बाटली माझी नाही, मागे बसलेल्याची आहे’ हा चालकाचा ठरलेला बचाव उरत नाही.

पदपथावरचा माणूस

मोटारीतल्या बाटलीचा इतिहास असा सरळ आहे. रस्त्यावर उभ्या माणसाच्या हातातल्या बाटलीचा तसा नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या पोलिसांना रस्त्यावर पिणाऱ्यासाठी वेगळा कायदा लागत नसे. सार्वजनिक ठिकाणी झिंगलेले असणे हाच गुन्हा होता, आणि जोडीला भटकेपणाचे कायदे होते. त्यांत ‘नेहमीचे दारुडे’, ‘रात्री भटकणारे’, ‘उनाड’ अशा माणसांच्या जातीच सांगितलेल्या असत. माणसाने काय केले, हे दाखवायची गरज नव्हती. तो कोण आहे, एवढे पुरे होते.

१९६६ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लेरॉय पॉवेल नावाचा बूटपॉलिश करणारा एक माणूस पकडला गेला. आठवड्याला बारा डॉलरच्या आसपास कमाई आणि याच गुन्ह्यासाठी आधी शंभरेक वेळा झालेली शिक्षा. या वेळचा दंड होता वीस डॉलर, तो अपिलात पन्नास झाला. त्याच्या वकिलाचे म्हणणे असे की दारूचे व्यसन हा आजार आहे आणि आजारासाठी शिक्षा करता येत नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचे अपील फेटाळले. शिक्षा व्यसनी असल्याबद्दल नाही, त्या दिवशी झिंगून रस्त्यावर आल्याबद्दल आहे, असे बहुमताच्या बाजूचे म्हणणे.

पण पाचवे मत देणारे न्यायमूर्ती व्हाइट यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्यात आहे. ज्याला प्यायल्यावाचून राहवत नाही त्याला कुठेतरी प्यावेच लागणार. ज्याला घर आहे तो घरात पिऊ शकतो. ज्याला घरच नाही त्याच्यासाठी रस्ता हेच घर. अशा माणसाला रस्त्यावर झिंगल्याबद्दल शिक्षा करणे घटनेत बसेल का, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. पॉवेलला घर होते, म्हणून मत त्याच्या विरुद्ध गेले. एका माणसाच्या डोक्यावर छप्पर होते, यावर देशाचा कायदा त्या दिवशी तोलला गेला.

पुढची चार वर्षे या कायद्यांना ओहोटी लागली. १९७१ साली राज्यांसाठी एक आदर्श कायदा तयार झाला. झिंगलेल्या माणसाला तुरुंगात नव्हे, उपचारांकडे न्यावे, असे त्याचे धोरण होते आणि अनेक राज्यांनी ते स्वीकारले. १९७२ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराचा भटकेपणाविषयीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने अतिसंदिग्ध म्हणून रद्द ठरवला. माणसाच्या जातीवर बेतलेला कायदा आता टिकणार नव्हता.

मग शहरांनी नवे कायदे केले ते कृतीवर बेतलेले: सार्वजनिक जागेत दारू पिणे, किंवा पिण्याच्या इराद्याने उघडे पात्र हाती धरणे. त्यांत ‘दारुडा’ हा शब्द नव्हता, ‘बाटली’ हा होता. शब्द बदलला, पदपथावरून उचलला जाणारा माणूस बऱ्याच ठिकाणी तोच राहिला. न्यूयॉर्क शहराचा असा नियम १९७९ सालचा, एड कॉच महापौर असतानाचा. दंड जास्तीत जास्त पंचवीस डॉलर किंवा पाच दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हाती उघडे पात्र दिसले की पिण्याचा इरादा गृहीत धरायचा, तो नव्हता हे आरोपीने दाखवायचे. तपकिरी कागदी पिशवीत बाटली गुंडाळून पिणारा माणूस आपण हॉलिवूडच्या चित्रपटांत पाहतो. ती पिशवी कायद्याने दिलेली सवलत नव्हे. पोलिसाला दिसले नाही असे म्हणता यावे, यासाठी दोघांत झालेला तो मूक करार.

हा करार सर्वांशी सारखा झाला का? २०१२ साली ब्रुकलिनचे न्यायाधीश नोआ डिअर यांच्यापुढे असा एक खटला आला. पोलिसाने पेल्याचा वास घेतला होता, आणि तेवढाच पुरावा होता. नियमाप्रमाणे पेयात अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असावा लागतो, तो नाकाने मोजता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल आणा, असे न्यायाधीशांनी बजावले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांकडून ब्रुकलिनमधली त्या गुन्ह्याची एका महिन्याची समन्से तपासून घेतली. पंच्याऐंशी टक्के समन्से कृष्णवर्णीयांना आणि लॅटिनोंना बजावलेली निघाली, गोऱ्यांना चार टक्के. ब्रुकलिनच्या लोकसंख्येत गोरे एक तृतीयांशाहून अधिक होते. पिणारे सगळेच होते. समन्स ठरावीक लोकांनाच मिळत होते. पुढे २०१६-१७ मध्ये शहराने धोरण बदलले आणि अशा किरकोळ गुन्ह्यांत अटक व फौजदारी समन्सऐवजी मुख्यतः दिवाणी दंडाची वाट धरली.

परवान्याचा प्रांत

वास हा पुरावा होऊ शकतो का, हा प्रश्न ब्रुकलिनच्या साठ वर्षे आधी मुंबईत विचारला गेला होता, आणि तोही एका वाहनाच्या निमित्ताने.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. २५ मे १९५१ रोजी बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला, मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने वापरण्यावरची बंदी रद्द केली. त्याच मे महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ, पेसिकाका, हे साक्षात प्रादेशिक परिवहन अधिकारी होते! तोंडाला दारूचा वास आला, खटला भरला गेला. आपण बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले होते, त्यात मद्यार्क असतो, असा त्यांचा बचाव. उच्च न्यायालयाने दोषी धरले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीच्या आरोपातून सोडून दिले. वास आला एवढ्याने भागत नाही. तो बंदी असलेल्या दारूचाच होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे.

त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क सापडला तर तो औषधाचा होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर गेला. रक्ततपासणीची तरतूद आली. तरीही तपासणी न करता वासावर भागवण्याची सवय सुटली नाही. १९७१ साली महाराष्ट्रातून गेलेल्या दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही.

माझ्या वकिलीच्या काळातले पंचनामे तरी याच चार गोष्टींवर उभे असत. ‘सदर इसम झोकांड्या खात’, ‘तोंडास दारूचा उग्र वास’, ‘डोळे तांबारलेले’, ‘बोलणे असंबद्ध’. माणूस कोणताही असो, गाव कोणतेही असो, वाक्ये तीच. पुढे पंच फितूर होत, वैद्यकीय दाखल्यात रक्ताचा उल्लेख नसे, आणि आरोपी बहुधा खटला चालवण्याऐवजी गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा होई. कारण तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते आणि दंड त्याहून फारसा जास्त नसतो.

इथे सीलचा अर्थही उलटा होतो. अमेरिकेत सील महत्त्वाचे ते बाटली पकडण्याआधी: ते शाबूत होते की तुटलेले? आपल्याकडे सील महत्त्वाचे ते पकडल्यानंतर: मुद्देमालातून काढलेल्या नमुन्यावर पंचांच्या सहीची लाख होती का, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती शाबूत होती का? कारण आपल्या कायद्याला बाटली उघडी की बंद याचे सोयरसुतक नाही. दारू बाळगणे, वाहून नेणे, पिणे हे सगळे परवान्याशिवाय गुन्हाच आहे. बाटली सीलबंद असली तरी.

बाहेरच्या वाचकाला हे खरे वाटत नाही. महाराष्ट्रात दारू सर्रास विकली जाते आणि तरीही कायद्याचे नाव दारूबंदी कायदा! १९६० साली राज्य विभागले तेव्हा हाच कायदा महाराष्ट्र आणि गुजरात दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने त्याच्या आधारे दारूबंदी ठेवली, महाराष्ट्राने त्यातलीच परवान्याची फट रुंद करत नेली. आपल्या गावोगावच्या ‘परमिट रूम’च्या पाट्या म्हणजे त्या फटीचे अवशेष. २०१२ मध्ये नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, ‘दारूबंदी’ राहिली. आजही आयुष्यभराचा परवाना हजार रुपयांना मिळतो, एका दिवसाचा विदेशी दारूसाठी पाच आणि देशीसाठी दोन रुपयांना. ३१ डिसेंबरच्या आसपास या एकदिवशी परवान्यांच्या बातम्या येतात, तेवढ्यापुरती लोकांना कायद्याची आठवण होते.

सार्वजनिक जागेसाठी या कायद्यात कलम ८५ आहे. रस्त्यात किंवा लोकांचा वावर असलेल्या ठिकाणी स्वतःवर ताबा राहणार नाही इतके प्यालेले असणे, दारूच्या अमलाखाली बेशिस्त वागणे, आणि परवाना नसताना प्यालेल्या अवस्थेत सापडणे, असे तीन प्रकार त्यात आहेत. तिसरा प्रकार पुन्हा वाचावा. दोन माणसे सारखीच प्यालेली आहेत, दोघेही गप्प उभे आहेत. ज्याच्या खिशात परवाना आहे तो त्या पोटकलमात बसत नाही, दुसरा बसतो. पॉवेलचा खटला छपरावर तोलला गेला, आपला कागदाच्या तुकड्यावर तोलला जातो.

गाडी खासगी, रस्ता सार्वजनिक

वाहनासाठी आपल्याकडे देशभर लागू असलेली तरतूद म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम १८५. दर शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर चालक दोषी. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांपर्यंत गेला, कैद सहा महिन्यांपर्यंत. मर्यादा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या ०.०८ टक्क्यांहून कितीतरी कडक आहे. पण या कलमात ‘बाटली’ हा शब्दच नाही, आणि ‘प्रवासी’ही नाही. चालकाच्या शेजारी बसून कुणी पीत असेल, पेला हातोहात फिरत असेल, तरी या कलमाला दिसते ते फक्त चालकाचे रक्त.

मग धावत्या खासगी गाडीतली बैठक ही सार्वजनिक जागा की खासगी? या प्रश्नाचे उत्तर बिहारच्या एका प्रकरणात मिळाले. २०१६ मध्ये तिथे दारूबंदी आली. त्याच वर्षी जूनमध्ये झारखंडमधून पाटण्याकडे निघालेली एक मोटार नवादा जिल्ह्यातल्या रजौली नाक्यावर थांबवली गेली. गाडीत बाटली सापडली नाही. श्वासाच्या तपासणीत दारू सापडली. आमची गाडी ही आमची खासगी जागा, असे प्रवाशांचे म्हणणे. १ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. सार्वजनिक रस्त्यावर असलेल्या खासगी गाडीपर्यंत लोक पोहोचू शकतात, म्हणून त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ती सार्वजनिक जागा ठरते. निकाल बिहारच्या कायद्यापुरता असला तरी काचा वर केल्या म्हणजे घराच्या भिंती उभ्या राहिल्या, हा समज त्याने मोडला.

त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला होता. पुढे लहान गावांसाठी अंतर दोनशे वीस मीटरवर आले आणि नगरपालिका हद्दींना सूट मिळाली. ही चौथीच नजर म्हणायची: बाटली नाही, रक्त नाही, परवाना नाही, तर अंतर. पाचशे मीटर म्हणजे गाडीने एका मिनिटाची वाट. डिकी आणि मागचे आसन यांत फरक करणारा अमेरिकी नियम मला याहून अधिक विचारी वाटतो.

किनाऱ्यावरची काच

कोकणातला माणूस म्हणून गोव्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गोव्यात पिण्याला परवाना लागत नाही, दारू स्वस्त, आणि बांद्याचा नाका ओलांडला की तीच बाटली ‘गोवा बनावटीची दारू’ होऊन मुद्देमालात जमा होते. सिंधुदुर्गातल्या न्यायालयांत हे शब्द किती वेळा उच्चारले जात असतील याला गणती नाही. बाटली तीच, सीलही शाबूत. बदलली ती फक्त हद्द.

अशा मोकळ्या गोव्यानेच २०१९ साली पर्यटनस्थळांविषयीचा आपला कायदा दुरुस्त करून उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे आणि चुली मांडून स्वयंपाक करणे यांना मनाई केली. तेव्हा ठरलेला दंड एकट्याला दोन हजार, गटाला दहा हजार रुपये होता. या बंदीचे कारण वेगळे आहे, ते ध्यानात घ्यावे. पिणारा कोण आहे हे ती विचारत नाही. तो मागे काय ठेवून जातो हे विचारते. वाळूत रुतलेली काच अनवाणी कोळ्याचा पाय कापते. गडांवर जाणारी आपली तरुण मंडळी पोती भरभरून बाटल्या खाली आणतात, त्यांना हे समजावून सांगायला नको. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सने याच विचाराने तोडगा काढला आहे. तिथे रस्त्यावर पिता येते, पण काचेच्या बाटलीतून नाही, प्लास्टिकच्या पेल्यातून. बंदी काचेला आहे, माणसाला नाही.

ज्याला ओसरी नाही

माझ्या पक्षकारांत स्वतःच्या बंगल्याच्या गच्चीवर पिणारा एकही नव्हता. सगळे पिंपळाच्या पारावरचे, एस. टी. स्थानकामागचे, गुत्त्याच्या भिंतीला टेकून बसलेले. गच्चीवरचे लोक पीत नव्हते असे नाही. त्यांच्या गच्चीला कठडा होता आणि फाटकाला कडी होती. सार्वजनिक पिण्याचा कायदा सर्वांना सारखा लिहिलेला असला, तरी तो खासगी जागा नसलेल्यालाच सापडतो. व्हाइट यांची शंका आणि ब्रुकलिनची आकडेवारी हेच सांगतात, आणि तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यातही हेच दिसते.

म्हणून ‘घरात प्या, रस्त्यावर नको’ एवढा सल्ला देऊन थांबावे का? इथे एक दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याच मातीतली आहे. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही, यावर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतदार महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. या मतदानाला बाया पहाटेपासून रांग लावतात, ते रस्त्यावरच्या दारुड्याचा त्रास होतो म्हणून नव्हे. त्यांच्या दृष्टीने दारू सर्वांत घातक असते ती घरात, दार लावून घेतल्यावर. रस्त्यावर पिणाऱ्याला कायदा घरात ढकलतो, तेव्हा तो कुणाच्या अंगावर ढकलतो, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला ठाऊक असते. उघड्या बाटलीचा कोणताही कायदा तिचा प्रश्न सोडवत नाही. आडवी बाटली तो निदान विचारते.

तीस वर्षांच्या अनुभवावरून आणि या वाचनावरून माझे मत असे झाले आहे. मोटारीत अमेरिकेचा साधा नियम आपणही घ्यावा: माणसे बसतात त्या भागात सील तुटलेली बाटली नको, मग ती कुणाचीही असो, डिकीत खुशाल ठेवा. पण याला अटक नसावी, ठरलेला दंड आणि त्याची पावती असावी. नाहीतर नाक्यावर चिरीमिरीचे आणखी एक निमित्त तेवढे होईल. रस्त्यावर, किनाऱ्यावर, गडावर दंड करायचा तो काच फोडल्याचा, धिंगाण्याचा, वाट अडवल्याचा. गप्प बसून पिणारा माणूस परवाना नाही म्हणून गुन्हेगार ठरू नये. त्याला झेपत नसेल तर कोठडीऐवजी दवाखाना दाखवावा. आणि कलम ८५ लावायचेच असेल, तर पंचनाम्यातल्या उग्र वासावर नव्हे, रक्ताच्या अहवालावर लावावे. सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून अर्धशतक उलटले आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.